उन्हात बंद पडते, गार झाली की चालू होते : इंजिनातली ठिणगी नेमकी कोणाच्या हुकमाने पडते?

वर्धारोडकर (१७ मे, रात्री ९:४०)

नमस्कार. माझी गाडी २०११ सालची, चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी आहे. गेल्या तीन आठवड्यांत ती चार वेळा रस्त्यात बंद पडली. चारही वेळा दुपारी एक ते चारच्या दरम्यान, एसी चालू असताना आणि गर्दीत रेंगाळत जाताना हे घडले. पहिल्या वेळी नागपुरात अजनी चौकाच्या सिग्नलवर आणि शेवटच्या वेळी छत्रपती चौकाच्या थोडे अलीकडे. इंजिन आचके देत नाही, थरथरत नाही. बटण दाबून दिवा घालवावा तसे एकदम शांत होते. सेल्फ चांगला फिरतो, पण गाडी पकडत नाही. बॉनेट उघडून पाऊण तास सावलीत ठेवली की काहीच झाले नसल्यासारखी पहिल्या सेल्फमध्ये चालू होते.

ज्या गॅरेजमध्ये दाखवली तेथे सर्वांत आधी बॅटरीचे टर्मिनल काढून पुन्हा लावले, मग चारही प्लग बदलले, मग दोन्ही कॉइल बदलल्या आणि शेवटी पंपात करंट येत नाही असे सांगून टाकीतला पेट्रोलचा पंपही बदलला. एकूण बिल साडेसोळा हजारांच्या घरात गेले आणि तिसऱ्या दिवशी गाडी पुन्हा बंद पडली.

मी आयुष्यभर हिशेबाचे काम केले, यंत्रातले मला फारसे कळत नाही. मात्र आता पुढचा पार्ट बदलण्यापूर्वी ही ठिणगीची व्यवस्था मुळात चालते कशी, हे समजून घ्यायचे ठरवले आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. लांबले तरी मी वाचीन.

जुना मिस्त्री (१७ मे, रात्री १०:१५)

साहेब, मी तीस वर्षे फियाट आणि अँबेसेडर केल्या, त्यामुळे माझे बोलणे जुन्या काळाचे वाटेल. आमच्या वेळी डिस्ट्रिब्यूटरची, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीने झटका वाटणाऱ्या भागाची, टोपी काढली की सगळा कारभार डोळ्यांसमोर असे. मध्ये फिरणारा दांडा, त्यावर चार कोन असलेला कॅम आणि त्या कॅमने उघडझाप होणारे पॉइंट. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून करंट वाहायचा आणि उघडले की कॉइल प्लगला झटका द्यायची. पॉइंटची फट साधारण ०.४ मिलिमीटर ठेवायची. फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पट्टी, हाताशी नसेल तर व्हिजिटिंग कार्डाने अंदाज घेऊन आम्ही गिऱ्हाईक मार्गी लावत असू. पॉइंट जळाले तर पॉलिश पेपर मारायचा, कंडेन्सर गेला तर बदलायचा, आणि गाडी वर्धेहून असो की उमरेडहून, चालत घरी यायची.

आता ठिणगीचा हुकूम देणारा इलेक्ट्रॉनिक डबा असतो, त्यात काय चालते ते कोणालाच दिसत नाही, म्हणून अंदाजाने पार्ट बदलण्याचा धंदा वाढला आहे. आपल्या गाडीबद्दल माझे मत इतकेच की दोन्ही कॉइल एकाच क्षणी जाऊन एकाच क्षणी बऱ्या होत नाहीत. दोष त्यांच्या मागे कुठे तरी आहे.

सर्किटवाला (१८ मे, सकाळी ७:०५)

मिस्त्रीकाकांनी शेवटच्या दोन वाक्यांत निम्मे निदान करून टाकले आहे. उरलेले समजण्यासाठी मात्र थोडे मागून यावे लागेल.

काकांनी वर्णन केलेली पद्धत चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याची. १९१० च्या सुमारास ती कॅडिलॅक गाड्यांवर आली आणि पुढची साठ वर्षे जवळजवळ सगळ्या जगाने तीच वापरली. तिच्यातले मूळ तत्त्व आजही बदललेले नाही, हे आधी लक्षात घ्यावे. कॉइल म्हणजे एकाच लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेल्या तारेची दोन वेटोळी. पहिल्यात जाड तारेचे थोडे वेढे असतात, दुसऱ्यात केसासारख्या बारीक तारेचे त्याच्या ऐंशी-शंभर पट वेढे. पहिल्यातून बॅटरीचा करंट वाहू लागला की गाभ्यात चुंबकीय क्षेत्र उभे राहते आणि ऊर्जा त्या क्षेत्रात साठते. करंट अचानक तोडला की क्षेत्र कोसळते, पहिल्या वेटोळ्यात तीन-चारशे व्होल्ट उसळतात आणि दुसऱ्यात त्याचे पंचवीस-तीस हजार व्होल्ट होतात. प्लगच्या टोकाशी असलेली सुमारे एक मिलिमीटरची फट एवढ्या दाबाने ओलांडली जाते, तीच ठिणगी. करंट सुरू होताना ठिणगी पडत नाही, तो तुटताना पडते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते.

बदलले आहे ते करंट तोडणारे आणि तो कधी तोडायचा हे ठरवणारे. पॉइंटच्या जागी सत्तरच्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि क्रायस्लरने १९७३ पर्यंत तो आपल्या सर्व गाड्यांवर दिला. मात्र वेळ ठरवण्याचे काम तेव्हाही डिस्ट्रिब्यूटरमधली वजने आणि व्हॅक्यूमची डबीच करत होती. १९७७ मध्ये जनरल मोटर्सने ओल्ड्समोबाइल टोरोनाडोवर ठिणगीची वेळ मायक्रोप्रोसेसरकडे सोपवली. १९७९ मध्ये बॉशची मोट्रॉनिक ही प्रणाली बीएमडब्ल्यूच्या ७३२ आय गाडीवर आली आणि तिने पेट्रोल व ठिणगी या दोन्हींचा हिशेब एकाच डब्याकडे दिला. आज आपण ज्याला ईसीएम किंवा ईसीयू म्हणतो तो याच वंशातला.

आता त्या डब्याला इंजिन दिसत नाही. पिस्टन कुठे आहे हे त्याला कोणी तरी सांगावे लागते आणि सांगणारा मुख्य म्हणजे क्रँक सेन्सर. क्रँकवर, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर, किंवा त्याला जोडलेल्या फ्लायव्हीलवर दात्यांचे एक चाक असते. पुष्कळ गाड्यांत त्यावर साठ दात्यांची जागा असते आणि त्यांतले दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. म्हणजे एक दाता सहा अंशांचा. सेन्सरसमोरून दाता गेला की एक लाट उमटते. डबा लाटा मोजत राहतो आणि गाळलेल्या जागेचा मोठा खंड आला की ओळखतो की फेरा येथून सुरू झाला. पंगतीत वाढप्याने रिकामे पान पाहून रांग कुठे संपली ते ओळखावे, तसे. इंजिन मिनिटाला हजार फेरे घेत असेल तर एका दात्याला एक मिलिसेकंद लागतो, तीन हजार फेऱ्यांना त्याचा तिसरा हिस्सा. या मधल्या वेळेवरून डब्याला वेगही कळतो आणि दोन दात्यांच्या मधल्या अंशाचा अदमासही बांधता येतो.

ऑफिसला निघायचे आहे. पुढचे संध्याकाळी.

शंकेखोर (१८ मे, दुपारी १:२०)

लेखन उत्तम आहे, पण एक शंका. ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याआधीच पाडतात असे वाचले होते. वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यावर आधीच स्फोट घडवला तर तो पिस्टनला उलट खाली ढकलणार नाही का? आणि ही आगाऊ वेळ इंजिनाच्या वेगाबरोबर वाढवावी का लागते?

सर्किटवाला (१८ मे, रात्री ८:३०)

शंका रास्त आहे आणि तिच्या उत्तरातच सगळी इग्निशन व्यवस्था सामावली आहे.

पहिली दुरुस्ती अशी की निरोगी इंजिनात स्फोट होत नाही, ज्वलन होते. ठिणगीजवळ ज्योत पेटते आणि ती गोळ्यासारखी पसरत सिलिंडरभर जाते. याला वेळ लागतो. समजा, दाब शिगेला पोहोचायला ठिणगीपासून दोन मिलिसेकंद लागले. हा शिगेचा दाब पिस्टन वरच्या टोकावरून नुकताच परतून दहा-पंधरा अंश खाली आला असताना मिळाला, तर क्रँकला सर्वांत चांगला रेटा बसतो. मिनिटाला हजार फेऱ्यांवर दोन मिलिसेकंदांत क्रँक बारा अंश फिरते, म्हणून ठिणगी वरच्या टोकाच्या आसपास पाडली तरी चालते. तीन हजारांवर तेवढ्याच वेळात ती छत्तीस अंश फिरते. मग ठिणगी वीस-पंचवीस अंश आधीच पाडावी लागते, नाहीतर पिस्टन बराच खाली सरकल्यावर दाब येईल आणि तो एग्झॉस्टमधून फुकट जाईल. वेग वाढला की हवेतली घुसळणही वाढते आणि ज्योत जरा लवकर पसरते, त्यामुळे हा हिशेब सरळ त्रैराशिकाचा नाही. पण दिशा हीच.

दुसरी बाब लोडची, म्हणजे इंजिनावरच्या भाराची. पाय हलका असेल तर सिलिंडरमध्ये हवा विरळ येते आणि विरळ मिश्रण हळू जळते, म्हणून ठिणगी आणखी आधी हवी. चढावर पाय दाबला की मिश्रण दाट होते, लवकर जळते, म्हणून ती मागे घ्यावी लागते. डब्याच्या स्मृतीत यासाठी एक कोष्टक असते. आडव्या रांगेत वेग, उभ्या रांगेत लोड आणि प्रत्येक घरात एक कोन. वर्धारोडकर साहेबांना रेडी रेकनरची सवय असेल, तसेच हे. दोन घरांच्या मधली स्थिती असेल तर डबा मधला आकडा काढतो. लोड कळण्यासाठी इनटेक मॅनिफोल्डमधला (हवा सिलिंडरकडे नेणाऱ्या नळ्यांमधला) दाबाचा सेन्सर किंवा हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. कोष्टकातून आलेल्या आकड्यात पाण्याचे तापमान, आत येणाऱ्या हवेचे तापमान आणि थ्रॉटलची (हवेच्या झडपेची) स्थिती पाहून काही अंश मिळवले किंवा वजा केले जातात. काकांच्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये वेगाचे काम स्प्रिंगला बांधलेली दोन वजने करत आणि लोडचे काम व्हॅक्यूमची डबी करत असे. ती रचना सुंदरच होती, पण स्प्रिंगला एकच वाकण काढता येते, कोष्टकाला हवा तसा डोंगर उभा करता येतो.

जुना मिस्त्री (१८ मे, रात्री ९:०५)

वजने आणि डबी यांचा उल्लेख केला, बरे वाटले. मात्र एक विचारतो. आमच्या पॉइंटवर गाडी ऐंशीच्या पुढे नेली की मिसिंग करू लागे आणि या गाड्या समृद्धीवर तासन्‌तास पळतात तरी ठिणगी कमी पडत नाही. कॉइल तर तीच ना?

सर्किटवाला (१८ मे, रात्री ९:५०)

कॉइल तीच नाही, काका, आणि तिला भरण्याची पद्धतही ती नाही. कॉइलमध्ये करंट एकदम चढत नाही, त्याला वेळ लागतो. पॉइंट मिटलेले राहण्याचा काळ कॅमच्या आकाराने बांधलेला होता; तो अंशांत कायम असला तरी वेग वाढला की सेकंदांत घटत जाई. चार सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला सहा हजार फेऱ्यांना दर पाच मिलिसेकंदांनी एक ठिणगी लागते. त्यांतला दोन तृतीयांश काळ पॉइंट मिटलेले धरले तर कॉइल भरायला जेमतेम सव्वातीन मिलिसेकंद मिळतात. शिवाय पॉइंट जळू नयेत म्हणून करंट चारेक अँपिअरच्या वर नेता येत नसे.

आताच्या कॉइलचा रोध अर्ध्या ओहमच्या आसपास असतो आणि त्यामुळे करंट झपाट्याने चढतो. डबा उलटा विचार करतो. ठिणगी अमुक क्षणी पाडायची आहे, कॉइल भरायला इतका वेळ लागेल, तर करंट तेवढा वेळ आधी सुरू करायचा. या काळाला ड्वेल म्हणतात. बॅटरी चौदा व्होल्ट देत असेल तर ड्वेल लहान. सेल्फ मारताना ती नऊ-दहा व्होल्टवर उतरली तर ड्वेल वाढवला जातो, म्हणजे ठिणगीचा जोर कायम राहतो. उदाहरण घ्या. अडीच मिलिहेन्रीच्या कॉइलमधून सहा अँपिअर वाहू लागले की तिच्यात पंचेचाळीस मिलिज्यूल ऊर्जा साठते. करंट त्याहून फार जास्त वेळ चालू ठेवला तर मात्र कॉइल तापून जळेल, म्हणून नेमके तेवढेच. करंट तोडण्याचे काम आयजीबीटी नावाचा अर्धवाहक करतो. त्याला ना फट, ना पॉलिश पेपर.

वर्धारोडकर (१९ मे, सकाळी ६:३०)

सर्वांचे आभार. रात्री दोनदा वाचले आणि कोष्टकाचा दाखला फार आवडला. आणखी एक निरीक्षण विचारतो, कदाचित विषयांतर असेल. बंद पडण्याचा प्रकार या वर्षीचा आहे, पण मे महिन्यात पिकअप कमी होतो हे मी गेली कित्येक वर्षे पाहतो. पारा पंचेचाळीसवर गेला की काटोल रोडच्या चढावर गाडी अंगचोरपणा करते. हादेखील ठिणगीचाच प्रश्न आहे का?

सर्किटवाला (१९ मे, सकाळी ७:१५)

विषयांतर अजिबात नाही, आणि आपल्या नागपुरात तर हा प्रश्न सर्वांनाच पडायला हवा. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाची काही ताकद खातो आणि तापलेली हवा विरळ असल्याने सिलिंडरमध्ये ऑक्सिजनही कमी येतो, हे झाले पहिले कारण. दुसरे ठिणगीचे. आत येणारी हवा आधीच तापलेली असेल तर ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप पेटण्याची शक्यता वाढते. यालाच नॉकिंग म्हणतात. त्या वेळी सिलिंडरमधली वायूची पोकळी घंटेसारखी वाजते आणि पंचाहत्तर मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरला हा नाद सेकंदाला सुमारे सात हजार कंपनांचा असतो.

इंजिनाच्या ब्लॉकवर बोल्टने घट्ट बसवलेला नॉक सेन्सर हा नाद ऐकतो. त्याच्या आत दाबाने वीज निर्माण करणारी सिरॅमिकची चकती असते. इंजिनात इतरही खडखडाट असतो, म्हणून डबा प्रत्येक सिलिंडरच्या ज्वलनानंतरच्या ठरावीक अंशांपुरतेच कान उघडे ठेवतो. नाद ऐकू आला की त्या सिलिंडरची ठिणगी दोन-तीन अंश मागे घेतो आणि मग शांतता राहिली तर थोडी थोडी करून पुन्हा पुढे आणतो. ठिणगी मागे गेली की ताकद घटते. तुमची गाडी अंगचोरपणा करत नाही, ती अंग सांभाळते आहे. हा सेन्सर बसवताना बोल्ट किती घट्ट करायचा याचे माप असते. अंदाजाने आवळला तर सेन्सर एक तर बहिरा होतो किंवा नसलेला आवाज ऐकू लागतो.

शंकेखोर (१९ मे, सकाळी ९:००)

मग गाडी एकदम बंद का पडते? नॉकिंगमुळे ताकद घटेल, इंजिन मरणार नाही.

सर्किटवाला (१९ मे, रात्री ८:१०)

बरोबर. आता मूळ प्रश्नाकडे.

वर्धारोडकर, आपल्या गाडीला चार सिलिंडरसाठी दोन कॉइल आहेत, हे आपल्या पहिल्या पोस्टवरून कळते. या रचनेत एक कॉइल पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला जोडलेली असते, दुसरी दुसऱ्या आणि तिसऱ्या. जोडीतला एक पिस्टन मिश्रण दाबत वर येत असतो तेव्हा दुसरा जळलेला वायू बाहेर ढकलत वर येत असतो. ठिणगी दोन्हीकडे एकदम पडते, त्यांतली एक वाया जाते. एक कॉइल गेली तर दोन सिलिंडर चालू राहतील. गाडी भयंकर हलेल, पण घरंगळत का होईना चालेल. आपली गाडी न हलता शांत होते. म्हणजे दोन्ही कॉइलना हुकूम मिळणेच थांबते. या रचनेत हुकमासाठी क्रँक सेन्सर पुरेसा असतो आणि तोच गेला तर डब्याच्या दृष्टीने इंजिन फिरतच नाही.

आता पंपाची गंमत पाहा. चावी फिरवली की पंप दोनेक सेकंद चालतो आणि थांबतो. त्यानंतर क्रँक फिरत असल्याची खूण मिळाली तरच डबा त्याचा रिले चालू ठेवतो. अपघातात इंजिन बंद पडल्यावर पेट्रोल वाहत राहू नये म्हणून ही सोय आहे. सेन्सर मुका झाला की ठिणगीही जाते आणि पंपही थांबतो. गॅरेजवाल्याने पंपात करंट येत नाही असे पाहिले ते खरेच होते, पण करंट येत नाही म्हणून पंप बदलणे म्हणजे नळाला पाणी नाही म्हणून तोटी बदलणे. आणि सर्वांत आधी बॅटरीचे टर्मिनल काढले, त्यामुळे डब्यात दोषाचा कोड नोंदलेला असलाच तर तोही पुसला गेला. या सेन्सरच्या सर्किटचा कोड पी ०३३५ असतो.

एक सोपी चाचणी करा. पुढच्या वेळी गाडी बंद पडली की सेल्फ मारताना आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणाऱ्या, काट्याकडे पाहा. बहुतेक गाड्यांत सेल्फवरही तो जरा उचलतो. शून्याला चिकटून राहिला तर सेन्सरवर किंवा त्याच्या वायरिंगवर संशय घ्यावा. डब्यातली माहिती वाचणारा स्कॅनर असेल तर आणखी स्पष्ट दिसेल. चालू इंजिनावर प्लगच्या केबल उपटून ठिणगी पाहू नका. झटका जीवघेणा ठरू शकतो आणि न जळलेले पेट्रोल एग्झॉस्टमधला धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो वेगळाच जळतो.

जुना मिस्त्री (१९ मे, रात्री ८:४०)

सेन्सर काढलाच तर त्याच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटला आहे का तेही पाहावे. आत लोहचुंबक असतो, तो सगळे ओढून घेतो. आणि वायर एग्झॉस्टला लागून वितळलेली नाही ना, हे पार्ट विकत आणण्याआधी बघा, जी.

वर्धारोडकर (२ जून, सायंकाळी ६:२०)

उशीर झाला, क्षमस्व. २३ मे रोजी दुपारी गाडी पुन्हा बंद पडली, या वेळी रहाटे कॉलनी चौकात. सेल्फ मारला, काटा शून्यावरून हलला नाही. आयुष्यात प्रथमच गाडी बंद पडल्याचा आनंद झाला.

दुसऱ्या मिस्त्रीकडून सेन्सर काढून घेतला. एकच बोल्ट होता, पण जागा इतकी अडचणीची की त्याचा हात कोपरापर्यंत काळा झाला. टोकाला काकांनी सांगितल्याप्रमाणे दाढीच्या खुंटांसारखा कीस होता. वायर मात्र शाबूत होती. नवा सेन्सर बसवला आणि जुना घरी आणला. माझा भाचा इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. त्याने मल्टिमीटर लावला तेव्हा ५६० ओहम दाखवले. मग सेन्सर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उकळत्या पाण्याच्या पातेल्यात सोडला. आकडा हळूहळू ६०० च्या पुढे गेला, ६४० झाला, ६५५ झाला आणि एकाएकी पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात नुसता १ उरला. कूलरसमोर धरल्यावर दहा-बारा मिनिटांनी आकडे परत आले.

सर्किटवाला (२ जून, सायंकाळी ७:००)

यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळणार नाही. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतोच, उकळत्या पाण्यात निरोगी सेन्सर सातशेच्या आसपास स्थिरावला असता. पण डाव्या कोपऱ्यातला तो १ म्हणजे मोजता येणार नाही इतका रोध, अर्थात तार तुटलेली. केसाएवढ्या तारेला आत कुठे तरी चीर असणार. भोवतालचे प्लॅस्टिक उष्णतेने फुगले की तिची टोके सुटतात आणि निवले की पुन्हा टेकतात. गाडी पळत असताना वारा लागतो. सिग्नलवर पंचेचाळीस अंशांत उभी राहिली की बॉनेटखालची उष्णता तिथेच कोंडते, म्हणून ती चौकातच बंद पडत होती. बदललेल्या जुन्या कॉइलचे काय केलेत?

वर्धारोडकर (२ जून, सायंकाळी ७:२५)

मागून घेतल्या होत्या. काल त्याच मिस्त्रीकडून जुन्या दोन्ही कॉइल पुन्हा बसवून पाहिल्या आणि भर दुपारी बुटीबोरीपर्यंत जाऊन आलो. एकदाही मिसिंग झाले नाही. नव्या दोन्ही आता डिकीत पडून आहेत.